जिथे ग्रीस नव्हतं

माझ्या भावाबद्दल वाईट बोलणारं माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही, म्हणून ते काम मीच करते. त्याच्या गल्लीत विचाराल तर म्हणतील, देवमाणूस. बस डेपोतले त्याचे जुने सोबती म्हणतील, असा रंगारी पुन्हा होणार नाही. वहिनी काहीच म्हणणार नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य त्याच्याबरोबर गेलंय, त्यांचं बोलून झालंय. राहिले मी. मी त्याची धाकटी बहीण, आणि त्याने रंगवलेली शेवटची गाडी माझी होती.

दादाला लहानपणापासून गंजाचं वावडं. दुसऱ्या पोरांना पालीची भीती वाटते, अंधाराची वाटते. ह्याला गंज दिसला की चैन पडत नसे. आमच्या घरी एक लोखंडी पलंग होता, त्याचे पाय गंजून लाल झाले होते. एका दुपारी ह्याने विटेचा तुकडा घेऊन ते चारही पाय घासून लखलखीत केले, आणि ती लाल भुकटी आईने नुकत्याच धुऊन ठेवलेल्या चादरींवर जाऊन बसली. आईने त्याला बडवला. मार खाता खाता हा आईला सांगत होता, की आतलं लोखंड तर बघ कसं निघालंय. ही गोष्ट आम्ही आल्यागेल्याला हसत हसत सांगायचो. आता मला तिचं हसू येत नाही.

मोठा झाल्यावर तो बस डेपोच्या रंगखात्यात चिकटला. लांबलचक पत्र्याची शेड, एका बाजूला कॉम्प्रेसरची धडधड, सगळीकडे थिनरचा वास आणि रांगेत उभ्या बसगाड्या. गाडी सकाळी आत आली की दिवस मावळायच्या आत रंगून बाहेर गेली पाहिजे, हा तिथला एकच कायदा. गंज घासायचा, पण दिसेल तेवढाच. दाराच्या आतल्या कडा, मडगार्डची खालची बाजू, बंपरची पाठ, तिकडे कोणी बघायचं नाही. दादा बघायचा. सगळ्यांचे हात धुऊन व्हायचे तरी हा आपला तारेचा ब्रश घेऊन कुठल्या तरी बिजागरीच्या मागे लागलेला. सुपरवायझर ओरडायचा, अरे, बस आहे ती, लग्नाला उभी करायची नाहीये. सोबत्यांनी त्याचं नावच ‘घासकागद’ पाडलं. त्याला त्या नावाचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता.

डेपोत त्याला मनासारखं घासू दिलं नाही, त्याचं उट्टं त्याने घरावर काढलं. त्याच्या घरात खिडकीचे गज, शेगडीचं स्टँड, बादलीची कडी, पंख्याची पाती, असं लोखंडाचं जे जे म्हणून होतं ते खरवडून पुन्हा रंगवलेलं. त्याच्याकडे गेलं की बसायच्या आधी विचारावं लागायचं, ओलं काय आहे. माझ्या एका चांगल्या साडीवर त्याच्या गॅलरीच्या कठड्याची हिरवी रेघ जन्माची उमटली आहे. वहिनी तर म्हणायच्या, एक दिवस हे मला पण घासून प्रायमर मारतील. एवढं सगळं असूनही त्याच्या आयुष्यात एक गाडी अशी नव्हती, जी त्याने पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या हातापर्यंत स्वतःच्या मनाने केली. ही खंत तो बोलून दाखवायचा नाही. पण रस्त्याने एखादी पोपडे निघालेली बस गेली की तिच्याकडे ज्या नजरेने बघायचा, त्यावरून आम्हाला समजायचं.

आता माझं सांगते, कारण माझ्यावाचून ही गोष्ट होत नाही. आमचे हे एका बुटक्या नाकाच्या बंद गाडीतून बेकऱ्यांना पिठाची पोती पोचवायचे. गाडी चालवायला त्यांनीच मला शिकवलं, तेही भांडत भांडत. ते गेले आणि गाडी मुलाच्या इमारतीमागे भिंतीला टेकून उभी राहिली. मी मुलाच्या घरी आले. घर लहान. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ह्यांच्या मधल्या बोळात माझी घडीची खाट. ज्याला कुठेही जायचं असेल त्याला माझ्या खाटेच्या कडेने अंग चोरून जावं लागायचं. सून रोज सकाळी म्हणायची, “आई, तुम्ही उठू नका, मी जाते कडेने.” सून वाईट नाही. वाईट असती तर निदान भांडता आलं असतं.

अशात लाँड्रीवाल्या बाईंचा निरोप आला. त्यांची मोठी लाँड्री, इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुवायच्या. त्यांचा ड्रायव्हर गाडीसकट दुसरीकडे गेला होता. बाई आमच्या ह्यांना ओळखत होत्या आणि मी गाडी चालवते हेही त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, गाडी पास करून आणा, काम तुमचं; पण पुढच्या महिन्यापलीकडे मी थांबू शकणार नाही. आणि लाँड्रीच्या मागे ड्रायव्हरसाठी एक खोली होती. ती पण माझी. मी जाऊन बघून आले. एक खिडकी गल्लीकडे, एक नळ आत, आणि दाराला आतून कडी. त्या कडीकडे मी किती वेळ बघत उभी होते, बाईंना वाटलं असेल कडी मोडकी आहे.

गाडी इंजिनाने ठणठणीत होती. अंगाने मात्र गेलेली. दारांच्या खालच्या कडा गंजून जाळीदार झालेल्या, मडगार्ड फुगलेले, बंपरला हात लावला तर बोटांना लाल पूड. अशी गाडी तपासणीला नेली तर दारातूनच परत पाठवतील, म्हणून मी दादाकडे गेले. त्याला नुकतीच डेपोतून रजा मिळाली होती, म्हणजे कायमची. दिवसभर खुर्चीत बसून खिडकीच्या गजांकडे बघायचा, आणि त्या गजांना आणखी रंग बसायला जागा नव्हती. मी म्हटलं, दादा, दारं आणि मडगार्ड तेवढे झाक, वरून एक हात मार, पास झाली की झालं.

तो आला. गाडीभोवती एक फेरी मारली. बोटाच्या पेराने पत्रा ठिकठिकाणी वाजवून कान लावून ऐकलं. मग म्हणाला, “रंगाचं काही नाही गं. हिला आधी स्वच्छ केली पाहिजे.” त्याच्या चेहऱ्याकडे बघून तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण मला बरं वाटलं. मला वाटलं, चला, दादाने मनावर घेतलं.

त्याने गाडी आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली आणि तिची हाडं मोजायला घेतली. दारं काढली, बॉनेट काढलं, बंपर, मडगार्ड, चाकांच्या रिम, बिजागऱ्या, आरशांचे दांडे. स्क्रू आणि वॉशर वहिनींच्या बरण्यांत जाऊन बसले. प्रत्येक भाग सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा, जुना रंग खरवडायचा, मग तारेचा ब्रश, मग ग्राइंडर, मग जाडा घासकागद, मग बारीक. खड्डा असेल तिथे पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पुन्हा घासायची. मग प्रायमर, आणि प्रायमर पण घासायचा. मी आठवड्याला एक चक्कर टाकायचे आणि दर वेळी गाडी आधीपेक्षा कमी असायची. एकदा गेले तर नुसता सांगाडा उभा आणि दादा त्याच्या बाजूला बसून एका बिजागरीला पाण्याचा घासकागद लावतोय, जसं काही ती बिजागरी कुणाला अंगठीत घालायची आहे.

मी चिडले. म्हटलं, “दादा, पास करायचीय, प्रदर्शनात मांडायची नाहीये.”

“आतून व्हायचीय अजून.”

“आत कोण बघणार आहे?”

“गंज बघतो,” तो म्हणाला. आणि पुन्हा मान खाली घालून घासायला लागला.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी माझ्या भावाला जितका सुखी बघितला, तितका त्याच्या लग्नात पण बघितला नव्हता. जेवायला हाका माराव्या लागायच्या. नखांत राखाडी पुट्टी, भुवयांवर पांढरी पूड, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणणं चालू. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आता हे रागावून बोलत नाहीत, जेवणाला नावं ठेवत नाहीत, तुमची गाडी आणखी थोडे दिवस राहू द्या इथे. दोघं मिळून माझ्या महिन्याचा घास घेत होती आणि मी त्यांच्याकडे चहा पीत बसले होते.

सगळ्यात शेवटी तो गाडीच्या पोटाखाली गेला. गाडीच्या खालून पुढून मागे दोन जाड लोखंडी दांडे जातात, त्यांना चासी म्हणतात. अख्खी गाडी त्यांच्यावर बसलेली असते. आमच्या गाडीच्या चासीवर जुन्या डांबराचा थर, त्याच्याखाली गंजाचे पापुद्रे. दादा पोत्यावर उताणा पडून ग्राइंडर चालवायचा, आणि ठिणग्या त्याच्या चष्म्यावर. झाल्यावर त्याने मला खाली वाकायला लावलं, माझा हात धरला आणि त्या दांड्यावरून लांबपर्यंत फिरवला. “कसं खाल्लं होतं इथे, आणि आता बघ.” लोखंड इतकं गुळगुळीत की हात कुठे अडकेना. मी म्हटलं, छान झालंय. काय म्हणणार होते?

रंगाच्या वेळी पण त्याने आपलंच केलं. लाँड्रीवाल्या बाईंना पांढरी गाडी हवी होती. दादा म्हणाला, पांढरी करू, पण दुधासारखी नाही, सायीसारखी. तसा रंग त्याने स्वतः कालवला. सगळे भाग जागच्या जागी बसले, आणि शेडचं दार उघडून गाडी बाहेर आली तेव्हा गल्लीतली माणसं आपापली कामं सोडून बघायला आली. बाई येऊन बघून गेल्या. इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला खोलीची किल्लीच देऊन टाकली, म्हणाल्या, सामान हळूहळू आणायला लागा. मी माझं एक गाठोडं तिथे नेऊन ठेवलं आणि आतून कडी लावून थोडा वेळ नुसती बसले. दारावरून कोणीही अंग चोरून गेलं नाही.

तपासणीचं मैदान तारेच्या कुंपणाचं, धुळीचं. गाड्या रांगेत, मालक सावली शोधत. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खरं तर त्याचं तिथे काही काम नव्हतं, पण आपली गाडी लोक बघताना त्याला बघायचं होतं. तपासनीस उंच, सुकलेला माणूस, उन्हाने वैतागलेला. तो आमच्या गाडीपाशी आला आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली. दाराच्या आतल्या कडेवरून त्याने बोट फिरवलं. बॉनेट उघडून बिजागऱ्या बघितल्या. म्हणाला, इतकी वर्षं गाड्या बघतोय, जुन्या गाडीची अशी निगा पाहिली नाही, कोणत्या गॅरेजचं काम?

दादा पुढे झाला. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “सगळं मी केलंय. दुसऱ्याचा एक हातसुद्धा लागलेला नाही.”

मग तपासनिसाने खिशातून पेन्सिल आणि पातळ कागद काढला. प्रत्येक गाडीच्या चासीवर कारखान्यात एक नंबर ठोकलेला असतो. त्याच्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली की नंबर कागदावर उमटतो, आणि तो नोंदीशी जुळला की गाडी तुमची. तो चटई टाकून गाडीखाली शिरला. बराच वेळ बॅटरीचा उजेड इकडून तिकडे फिरत राहिला. दुसऱ्या बाजूने शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठी परत आली होती. त्याने विचारलं, नंबर कुठाय?

“कसला नंबर?” दादा म्हणाला.

तुम्हाला वाटेल, जन्म गाड्यांत काढलेल्या माणसाला चासीचा नंबर माहीत नाही? गाडीला नंबर असतो हे माहीत होतं. तो कुठे असतो, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. डेपोत गाडी रंगखात्यात यायच्या आधी फिटर त्या नंबरावर ग्रीसचा गोळा थापायचा. रंगाऱ्यांना एकच गोष्ट सांगितलेली असायची, ग्रीस दिसलं की त्या जागेला हात लावायचा नाही. रंग वाळून गाडी परत गेली की फिटर ते ग्रीस पुसायचा. सगळा जन्म दादाने ग्रीस सांभाळलं. ग्रीसच्या खाली काय असतं, ही दुसऱ्या खात्याची भानगड होती. माझ्या गाडीवर ग्रीस कोण लावणार होतं? त्याने डांबर काढलं, गंज काढला, गंजाखाली जे काही खडबडीत लागलं ते सगळं काढलं, वर बारीक पुट्टी फिरवली आणि काळा रंग दिला.

“पण इथे ग्रीस नव्हतं,” तो तपासनिसाला म्हणाला. जणू गाडीनेच त्याला फसवलं होतं.

तपासनीस चांगला माणूस होता, हे मी आजही म्हणते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, नंबर गंजून गेला असता ना, तर मी तसं लिहिलं असतं आणि नवा ठोकून मिळाला असता. रोज येतात तशा गाड्या. हा गंजलेला नाही. हा घासलाय.” चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच घासतात, हे त्याने बोलून दाखवलं नाही. ते रांगेतल्या लोकांनी बोलून घेतलं.

आम्हाला आत कचेरीत मोठ्या अधिकारी बाईंकडे पाठवलं. टेबलावर काच, काचेखाली हिरवं कापड, बाईंच्या हाताशी थंड झालेला चहा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गाडीचे कागद बघितले, आमच्या ह्यांचं नाव बघितलं, दादाचे हात बघितले. त्यांना खोटं वाटलं नाही. म्हणाल्या, मार्ग आहे. ज्याने काम केलं त्याने लिहून द्यायचं, की माझ्या निष्काळजीपणामुळे नंबर घासला गेला, त्यात दुसरा हेतू नव्हता. मग छोटी चौकशी, आणि नवा नंबर ठोकून मिळेल. महिना संपायच्या आत होईल, मी स्वतः बघते. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि सांगायला सुरुवात केली. दादाने स्वतःचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, गाडीचं वर्णन लिहिलं. अक्षर सुंदर आहे त्याचं. ‘माझ्या’ एवढं लिहून त्याचा हात थांबला.

“निष्काळजीपणा नाही लिहिणार,” तो म्हणाला.

बाईंना वाटलं, त्याला शब्द लिहिता येत नाहीये. त्या अक्षरं सुट्टी करून सांगायला लागल्या. तो म्हणाला, घासला असं लिहितो, मीच घासला असं लिहितो, हवं तर शंभर वेळा लिहितो. पण त्या गाडीत निष्काळजीपणाने केलेली एक जागा मला कोणी दाखवावी. बाईंनी शांतपणे समजावलं, की निष्काळजीपणा नाही म्हणजे मुद्दाम केलं, आणि मुद्दाम केलं म्हणजे मग पोलीस. मधलं काही लिहायला कायद्यात जागा नाही. दादाने पेनला टोपण लावलं आणि पेन काचेवर ठेवलं. मी त्याच्या दंडाला धरून हलवला, हळू आवाजात विनवलं, मग मोठ्या आवाजात. शेवटी मी म्हटलं, बाई, मीच घासला असं मी लिहून देते. त्या म्हणाल्या, कसं चालेल, ह्यांनी बाहेर भर मैदानात सांगितलंय की दुसऱ्याचा एक हातसुद्धा लागलेला नाही, ते तपासनिसाने लिहून घेतलंय. विचार करा आणि या, कागद मी ठेवते.

घरी वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं आणि जे मला कधी माहीत नव्हतं ते सांगितलं. डेपोत एकदा बसची एक रांगच्या रांग ओल्या पत्र्यावर रंगवायला लावली होती. दादा नको म्हणत होता. सुपरवायझरने रंग मारायला लावलाच. थोड्याच दिवसांत सगळ्या गाड्यांना फोड आले, वरून चौकशी आली, आणि सुपरवायझरने दादाकडून लिहून घेतलं, माझ्या निष्काळजीपणामुळे. तेव्हा आई इस्पितळात होती, नोकरीवर पाणी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने सही केली. त्याची बढती गेली, ती गेलीच. वहिनी म्हणाल्या, “घासायची खोड आधीचीच, पण तेव्हापासून हे असे घासतात. एवढा एक शब्द सोडून त्यांच्याकडे काहीही मागा हो.”

मला समजलं. अगदी नीट समजलं. आणि समजल्यावर माझा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. सुपरवायझरची थप्पड ह्याने इतकी वर्षं गालावर जपून ठेवली, आणि परत केली कुणाला, तर मला? त्या सुपरवायझरला एक शब्द बोलला नाही. त्याच्यापुढे मूग गिळून सही केली. आणि बहिणीची वेळ आली तेव्हा ह्याचा कणा ताठ.

मी शेडमध्ये गेले. तो रिकाम्या बरण्या पुसत होता. मी म्हटलं, दादा, चल, एक शब्द आहे, लिही आणि मोकळा हो. त्याने आपली सगळी बाजू पुन्हा सांगितली. मी तुला दुसरी गाडी उभी करून देतो म्हणाला, कशातून ते त्यालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, “मी बोळात झोपते, दादा. माझ्या उशाजवळून लोक न्हाणीघरात जातात.”

तो बराच वेळ बरणीच्या आत फडकं फिरवत राहिला. मग म्हणाला, “तायडे, तेवढं लिहिलं तर माझ्याजवळ काय राहिलं गं?”

“माझ्याजवळ काय राहिलं ते विचार.”

त्याने विचारलं नाही.

महिना संपला. लाँड्रीवाल्या बाईंनी वरती चार दिवस वाट पाहिली, त्यांना दोष नाही. मी किल्ली परत केली आणि गाठोडं उचलून आणलं. काम आणि खोली एका माणसाला मिळाली, त्याच्याकडे एक जुनाट टेंपो आहे. त्याचा मडगार्ड वाऱ्यावर हलतो आणि दारातून खालचा रस्ता दिसतो. पण त्याच्या चासीवरचा नंबर गंजातून का होईना, पेन्सिलीला उमटला.

माझी गाडी रस्त्यावर आणायची परवानगी नव्हती. एकच परवानगी मिळाली, भंगारात न्यायची. मुलाने भंगारवाला शोधला. त्या सकाळी मी गाडी काढली तर दादा इमारतीच्या फाटकात उभा. मी दार उघडलं नाही, त्याने उघडलं आणि शेजारी बसला. वाटेत गाडी इतकी गुमान चालत होती की मला रडू येईल की काय असं वाटलं, आणि त्याच्यापुढे मला रडायचं नव्हतं.

भंगाराच्या आवारात कापलेल्या गाड्यांचे ढीग, मध्ये वजनकाटा, एका बाजूला गॅसकटर घेऊन बसलेली माणसं. भंगारवाला जाड, तोंडात काडी. त्याने आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. दाराच्या कडेवरून तळहात फिरवला, खाली वाकून मडगार्डच्या आत बघितलं. कटरवाली माणसं पण उठून आली आणि भोवती उभी राहिली. तो म्हणाला, बाई, चूक तर होत नाही ना, ही भंगारात घालायची? मी हो म्हटलं. त्याने काडी तोंडातून काढली.

“असं काम मी जन्मात बघितलं नाही. रंग कोणी दिलाय?”

दादा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो सरळ उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पँटला पुसले. सगळ्या आयुष्यात डेपोतल्या एकाही बसबद्दल हे कोणी विचारलं नव्हतं. मैदानात त्याने स्वतःच पुढे होऊन सांगितलं होतं. इथे मात्र तो माझ्याकडे बघत होता. मी सांगावं, म्हणून थांबला होता.

मी म्हटलं, “एका निष्काळजी माणसाने.”

भंगारवाला मोठ्याने हसला, त्याला गंमत वाटली. कटरवाली माणसंही हसली. दादाने त्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं, मग खाली बघितलं, आणि ढिगांमधल्या वाटेने फाटकाकडे चालायला लागला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण बोललेला शब्द मला मागे घ्यावासा वाटला नाही, आजही वाटत नाही. त्यानंतर तो माझ्याकडे आलेला नाही, मी त्याच्याकडे गेलेली नाही. त्या वेळी मी त्याला हाक मारली नाही. गाडी काट्यावर चढवायची होती, आणि ती चालवणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.